उष्ण प्रदेशातील निळे ऑर्किड : लागवड आणि समजूत

उष्ण हवेत निळ्या फुलांचे ऑर्किड वाढवता येते. फक्त निळेपणाच्या बाबतीत मन जरा मोठे ठेवावे लागते. ऑर्किडवाल्यांच्या जगात फिकट लव्हेंडरपासून गर्द वांगी रंगापर्यंत जे काही दिसते, ते सगळे निळ्याच्या खात्यात जमा होते. शाईचा किंवा पोलिसांच्या गाडीवरच्या दिव्याचा निळा अपेक्षित धरून आलेल्या माणसाची आधी समजूत काढावी लागते, झाड नंतर आणता येते. लागवडीच्या पुस्तकांत कुंडी, पाणी, खत यांची प्रकरणे असतात. समजुतीचे प्रकरण नसते. प्रत्यक्षात जास्तीत जास्त श्रम त्याच कामी खर्च होतात.

रंगाची घडण

फूल निळे व्हायचे तर पाकळीत बहुधा डेल्फिनिडिन या जातीचे रंगद्रव्य लागते. तेवढ्याने भागत नाही. पेशीतला रस आंबट असला तर हेच द्रव्य निळे न दिसता जांभळे दिसते. शिवाय सोबतीची इतर द्रव्ये आणि काही वेळा धातूंचे अंश यांचीही हजेरी लागते. बहुतेक ऑर्किडांत यांपैकी कुणी ना कुणी गैरहजर असते आणि सोसायटीच्या वार्षिक सभेसारखा कोरमअभावी ठराव बारगळतो.

गोकर्णाकडे आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या केन्याकडे मात्र हे सगळे जमून येते. त्यामुळे कुंपणावर आणि गटाराच्या कडेला अस्सल निळे फूल फुकट मिळते, आणि फुकट मिळते म्हणूनच त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही. केना तर खुरप्याने काढून टाकला जातो, नाहीतर त्याच्या पानांची भजी होतात. जपानमधल्या चिबा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड निळे करायला घेतले, तेव्हा निळ्या रंगाची सूत्रे सांभाळणारे जनुक त्यांनी केन्याच्याच एका जपानी भावंडातून उचलले. फूल निळे झाले. ज्या घराण्यातले तण कोकणात बांधावर फेकले जाते, त्याच घराण्याच्या जिवावर प्रयोगशाळेतले ऑर्किड निळे झाले, ही बातमी केन्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

मूळ वनस्पती

निसर्गातल्या निळ्या ऑर्किडांत सर्वांत नावाजलेले ऑर्किड भारतातलेच आहे. व्हँडा सेरुलिया, म्हणजे निळा व्हँडा, ईशान्य भारत, म्यानमार, थायलंडचा उत्तर भाग आणि चीनचा युनान प्रांत इथल्या डोंगरांत झाडांच्या फांद्यांवर वाढतो. फूल तळहात झाकेल एवढे होते. रंग फिकट निळसर आणि त्यावर गडद रेषांची नाजूक जाळी. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ग्रिफिथ यांना तो १८३७ साली खासी टेकड्यांत आढळला आणि जॉन लिंडली यांनी १८४७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तिथून त्याचे ग्रह फिरले.

जोसेफ डाल्टन हुकर १८५० साली खासी टेकड्यांत गेले आणि त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानासाठी सात माणसांच्या पाठीवर मावेल इतका निळा व्हँडा गोळा केला. त्यातली फार थोडी झाडे जिवंत पोहोचली. त्याच वाटेवर एका गृहस्थांनी आपला माळी जागा पाहून घेण्यासाठी हुकर यांच्याबरोबर धाडला होता. त्या गृहस्थांनी एका माणसाचा भारा विलायतेला पाठवला. तो वाईट अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंडांना विकला गेला. एखाद्या चलाख माणसाने मनावर घेतले तर एका हंगामात खासी ऑर्किडांवर दोन ते तीन हजार पौंड सुटतील, असा हिशेबही हुकर यांनी आपल्या प्रवासवर्णनात छापला. जंगलाच्या दृष्टीने याहून घातक हिशेब क्वचितच कुणी मांडला असेल. पुढे व्हायचे तेच झाले, आणि मग वाघ-बिबट्यांना संरक्षण देणाऱ्या भारतीय कायद्यात निळ्या व्हँडाचेही नाव घालावे लागले. त्यामुळे मेघालयच्या सहलीत झाडावरून उपटून बॅगेत घालण्याचा मार्ग बंद आहे. रोपवाटिकेत तयार झालेले रोपच घ्यायचे.

हुकर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आणि लागवडीसाठी तीच महत्त्वाची आहे. रानात हा व्हँडा खुरट्या, वेड्यावाकड्या, विरळ पानांच्या झाडांवर, कोरड्या खरबरीत सालीवर मुळे पसरून, ऊन-पाऊस-वारा अंगावर घेत राहतो. विलायतेत मात्र त्याच्यासाठी जी व्यवस्था आवश्यक समजली जात होती ती नेमकी याच्या उलट होती. काचघर बंद, हवा कोंदट, उष्मा भरपूर आणि माळी अत्यंत प्रेमळ. झाडे मरत. हा प्रेमळपणा पुढेही कमी झालेला नाही. काचघराच्या जागी आता सरकत्या काचा लावलेली बाल्कनी आली आहे, एवढाच फरक.

हवामान

खासी टेकड्यांत हुकर यांना हा व्हँडा ९०० ते १२०० मीटर उंचीवर भेटला. तिथे उन्हाळा बेताचा, पाऊस धो धो, आणि हिवाळ्यात दिवसा स्वच्छ ऊन व रात्री चांगलीच थंडी. मुंबईत यातला पाऊस मिळतो. मे महिन्यातली रात्र २७ अंशांच्या खाली उतरायला तयार नसते आणि जानेवारीतली थंडी स्वेटर काढून ठेवेपर्यंत संपते. अशा ठिकाणी निळा व्हँडा पाने काढत राहतो, तग धरतो, पण फुलण्याचे नाव काढत नाही.

यावर घरगुती उपाय सुचवले जातात. मुळांवर बर्फाचे खडे ठेवणे हा त्यातला एक. त्याने मुळे बधिर होण्यापलीकडे काही साधत नाही. झाड रात्री एसीच्या खोलीत नेऊन ठेवणे हा दुसरा. एसी हवा गार करतो आणि कोरडीही करतो. सकाळी झाड बाहेर न्यायचे राहून जाते, म्हणजे उजेडही जातो. अशा रीतीने झाडाला गारवा मिळतो, बाकी सगळे जाते, आणि महिनाअखेरीस विजेचे बिल येते.

पुण्याची डिसेंबरातली रात्र निळ्या व्हँडाला मानवते, पण एप्रिलमधली कोरडी हवा मुळांना मानवत नाही. महाबळेश्वरला उंची, गारवा आणि पाऊस सगळेच आहे. तिथे स्ट्रॉबेरीतून सवड नाही. नागपूरच्या मे महिन्यात कूलरपुढची जागा माणसांना पुरून उरली, तरच ऑर्किडच्या वाट्याला येते.

संकर

हा पेच सोडवला तो फिलिपिन्समधल्या एका सोयरिकीने. मिंडानाओ बेटावरच्या सखल, दमट जंगलात व्हँडा सँडेरियाना वाढतो. तिथे त्याला वालिंग-वालिंग म्हणतात. फूल मोठे, गोल, भरदार, रंग गुलाबी-तपकिरी, उकाड्याची तक्रार शून्य. डोंगरातला निळा आणि सखल भागातला हा दणकट यांचा संकर 'रॉथशिल्डियाना' या नावाने १९३१ साली नोंदवला गेला. बापाची अंगलट आणि आईचा रंग उतरावा, अशी इच्छा अनेक सोयरिकींत असते. इथे ती बऱ्याच अंशी फळाला आली. फूल गोल झाले, जाळी राहिली, निळ्यात थोडा जांभळा मिसळला आणि झाड गरम हवेत फुलू लागले. पुढे थायलंडच्या रोपवाटिकांनी या घराण्याची इतकी वंशावळ वाढवली, की आज उष्ण प्रदेशात निळा व्हँडा म्हणून जे झाड हाती पडते ते बहुधा याच गोतावळ्यातले असते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या लागवडकर्त्याने सरळ हेच घ्यावे. शुद्ध जातीचा हट्ट धरणाऱ्याने उंचावर घर घ्यावे.

जागा कमी असेल तर ऱ्हिंकोस्टायलिस सेलेस्टिस चांगला. तोही थायलंड आणि आसपासचा. झाड लहान, तुरा सरळ उभा, पांढऱ्या पाकळ्यांना निळी-जांभळी टोके, आणि उन्हाळा त्याला मनापासून आवडतो. सह्याद्रीत झाडांवरून गुलाबी-पांढरे तुरे सोडणारी सीतेची वेणी ही त्याची सख्खी बहीण. फिलिपिन्समधले डेंड्रोबियम व्हिक्टोरिया-रेजिने छायाचित्रात सर्वांत निळे दिसते आणि म्हणून सर्वांत जास्त मागवले जाते. ते थंड, धुकट डोंगरांतले आहे. मुंबईत आल्यावर पहिल्या उन्हाळ्यातच ते राणीचे नाव मागे ठेवून जाते.

बाजार

बाजारात निळे ऑर्किड तीन प्रकारे फसवते. पहिला प्रकार रंगवलेल्या फुलाचा. पांढऱ्या फॅलेनॉप्सिसच्या दांड्यात निळा रंग टोचून चढवतात. २०११ साली फ्लोरिडातल्या एका रोपवाटिकेने असे झाड 'ब्लू मिस्टिक' या नावाने बाजारात आणले तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला. पुढचा बहर पांढरा येणार हे विकणाऱ्यांनी सांगितलेले होते. घेणाऱ्यांनी ते ऐकलेले नसते. रंग गेलेला दिसताच घरात खताविषयी, पाण्याविषयी आणि झाडाकडे शेवटचे कोणी पाहिले याविषयी चौकशी सुरू होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. निळी शाई सांडल्यावर दिसते तशी छटा फुलात, देठात आणि दांड्यावरच्या छिद्राभोवती एकसारखी दिसली, की पुढचा बहर पांढरा समजावा.

दुसरा प्रकार बियांच्या पाकिटाचा. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात पाचपन्नास टपोऱ्या बिया आणि पाकिटावर मोरपंखी निळे फूल असते. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते; एका शेंगेत ते लाखांनी मावते. त्यात अंकुराला पुरेल एवढा अन्नसाठा नसतो. रानात त्याला विशिष्ट बुरशीची सोबत लागते, नाहीतर प्रयोगशाळेतल्या बाटलीत पोषक जेलीवर वाढवावे लागते. बाटलीतून बाहेर आल्यावरही पहिले फूल यायला बरीच वर्षे जातात. तेव्हा कुंडीत पेरलेल्या टपोऱ्या बियांतून आठवडाभरात हिरवे काही उगवले, तर ती वनस्पती कोणती हा प्रश्न उरतो. ऑर्किड नाही हे उत्तर आधीच मिळालेले असते.

तिसरा प्रकार छायाचित्राचा. फूल जांभळट असते, फोन त्याला निळे करतो आणि विकणारा त्यात आणखी थोडी भर घालतो. यात सर्वस्वी लबाडी आहे असेही नाही, कारण हे फूल खरोखरच प्रकाशाप्रमाणे रंग बदलते. सकाळच्या सावलीत ते निळ्याकडे झुकते आणि रात्री पिवळ्या बल्बखाली सरळ जांभळे दिसते. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. ज्यांच्याकडून कौतुकाची अपेक्षा आहे अशा पाहुण्यांना सकाळी बोलवावे. उरलेल्यांना रात्री जेवायला बोलावले तरी चालते.

जागा आणि टोपली

व्हँडाला कुंडी नको, माती तर नकोच. लाकडी किंवा प्लास्टिकची टोपली, तीत चार कोळसे, फार तर विटेचे तुकडे, आणि वरून टांगायला तार. मुळे टोपलीतून बाहेर पडून खाली लोंबतात. ती तशीच लोंबू द्यावीत. घरातल्या टापटिपीची आवड असलेल्या व्यक्तीला हे पाहवत नाही. "अहो, ही दाढी जरा कापा की," अशी सूचना साधारण दुसऱ्या आठवड्यात येते. ती अमलात आणू नये. आणखी एक शेरा सासूबाईंकडून हमखास येतो: "बांडगूळ कशाला आणलंत घरात?" बांडगूळ झाडाचा रस शोषते; ऑर्किड झाडाचा फक्त आधार घेते. पाहुण्याने घरी राहावे पण शिधा स्वतःचा आणावा, इतका सभ्य हा प्रकार आहे, हे सांगितल्यावर सासूबाईंचा विरोध मावळतो. पण मग त्या पाहुण्यांची उदाहरणे देऊ लागतात.

उजेड भरपूर हवा, पण मे महिन्यातले दुपारचे ऊन थेट नको. साधारण निम्मे ऊन अडवणारी हिरवी शेडनेट पुरते. पानांकडे पाहून अंदाज येतो. पान गर्द हिरवे आणि तजेलदार दिसले की घरचे खूश होतात. व्हँडाच्या बाबतीत ते उजेड कमी पडल्याचे लक्षण असते आणि अशा झाडाला फूल येत नाही. पान किंचित पिवळसर हिरवे असले की प्रकाश बेताचा. लालसर ठिपके उठले की ऊन जास्त.

बाल्कनीत टोपली टांगताना तीन शेजारी विचारात घ्यावेत. एसीच्या बाहेरच्या यंत्राची गरम झळ सरळ मुळांवर येऊ देऊ नये. कबुतरांना टांगलेली टोपली आपल्यासाठीच मांडली आहे असे वाटते. कोळशावर दोन काड्या दिसल्या की त्याच दिवशी जाळी लावावी, अंडी दिसल्यावर घरात मतभेद होतात. आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी. रोज सकाळी त्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर खतमिश्रित पाणी ठिबकते. लागवडीच्या कोणत्याही पुस्तकात त्यांचा उल्लेख नाही, पण टोपलीची जागा शेवटी त्याच ठरवतात.

पाणी

पाण्याने जितके व्हँडा मरतात तितके ते पाण्यावाचून मरत नाहीत. कोरडे मूळ चंदेरी-पांढरे दिसते. त्यावर पाण्याचा फवारा मारला की आधी इथेतिथे हिरवे डाग पडतात, मग ते एकमेकांना मिळतात आणि मिनिटाभरात अख्खे मूळ हिरवेगार होते. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाण्याने भरले की पारदर्शक होते आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. पाणी पुरले की नाही यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. मूळ हिरवे झाले, थांबावे. घरातला प्रत्येक माणूस जाता-येता ही जादू एकेकदा करून पाहतो, त्यामुळे झाडाला दिवसातून पाच वेळा पाणी मिळते, हे या पद्धतीतले मुख्य वैगुण्य.

उन्हाळ्यात सकाळी एकदा भरपूर, फारच कोरडे असेल तर दुपारनंतर पुन्हा. रात्र पडण्याआधी झाड कोरडे झाले पाहिजे. व्हँडाचे झाड एकाच शेंड्याने वर वाढते. पानांच्या मधल्या पोकळीत पाणी साचून शेंडा कुजला, की वाढ तिथेच खुंटते. म्हणून जून ते सप्टेंबर कोकणातल्या धारांखाली टोपली उघड्यावर ठेवू नये. छपराखाली, पण वारा लागेल अशी असावी. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन मुळांची कोवळी टोके खातात. टॉर्च घेऊन त्यांना शोधणारा गृहस्थ समोरच्या इमारतीतून संशयास्पद दिसतो. त्याला इलाज नाही.

पाणी मुंबई महापालिकेचे असेल तर उत्तम, ते तलावांतले आणि सौम्य असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे क्षारयुक्त पाणी मुळांवर पांढरा थर धरते. अशा ठिकाणी पावसाचे पाणी पिंपात साठवावे आणि त्यावर झाकण ठेवावे, म्हणजे ऑर्किडबरोबर डास वाढत नाहीत.

खत

कोळशात अन्न नसते, म्हणून खत द्यावे लागते. पण अगदी पातळ. नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात असलेले विद्राव्य खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर. मधल्या दिवसांत साधे पाणी, म्हणजे क्षार धुऊन जातात. पाकिटावरची मात्रा झाडासाठी लिहिलेली असते आणि लागवडकर्ता ती स्वतःच्या उत्साहाच्या मापाने वाचतो. याशिवाय चहाचा चोथा, ताक, केळीच्या साली, तांदूळ धुतलेले पाणी आणि कुणाच्या तरी मामांनी सांगितलेले दूध अशी एक समांतर खतयोजना प्रत्येक घरात चालू असते. उघड्या मुळांवर या पदार्थांचे बुरशी आणि मुंग्या स्वागत करतात, व्हँडा करत नाही.

बहर

नीट उजेड मिळालेला संकरित व्हँडा उष्ण हवेत वर्षातून दोन-तीनदाही फुलतो. पानाच्या बगलेतून हिरवे टोक डोकावते. ते मूळ आहे की तुरा यावर आठवडाभर पैजा लागतात. बोथट आणि गुळगुळीत असले तर मूळ, गाठी दिसल्या तर तुरा.

पहिले फूल उमलते ते लहान, चुरगळलेले आणि फिकट असते. इथे पुन्हा समजुतीचे काम निघते. "हेच का ते निळं?" असे त्या दिवशी घरात प्रत्येकजण विचारतो. व्हँडाचे फूल उमलल्यावरही काही दिवस मोठे होत राहते आणि रंग चढतो. जाळीच्या रेषा ठळक होतात. चार-पाच दिवसांनी प्रश्न विचारणारेच फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवतात. थंडीतल्या बहराचा रंग उन्हाळ्यातल्यापेक्षा गडद येतो, त्यामुळे जानेवारीतला फोटो वर्षभर जपून ठेवावा आणि मेमधल्या फुलाच्या जागी तोच दाखवावा, अशी पद्धत रूढ आहे. एक बहर तीन ते सहा आठवडे टिकतो. फुले कोमेजली की दांडा बुंध्याजवळ स्वच्छ ब्लेडने कापावा. ब्लेड आधी आचेवर धरावे, म्हणजे एका झाडाचा रोग दुसऱ्याला जात नाही.

पिल्ले

वय झालेल्या झाडाच्या बुडाशी कधी कधी पिल्लू फुटते. त्याला स्वतःची तीन-चार बोटभर लांबीची मुळे येईपर्यंत ते आईपासून तोडू नये. तोडल्यावर जखमेला दालचिनीची पूड लावून चार दिवस कोरडे ठेवावे आणि मग वेगळ्या टोपलीत टांगावे. पिल्लू आईच्याच रंगाचे फूल देते, त्यामुळे या एका बाबतीत हमी देता येते.

पिल्लू दिसल्याबरोबर मागणी नोंदवणाऱ्यांची यादी तयार होते. त्यात सर्वांत वर ते असतात ज्यांनी रात्रीच्या जेवणाला येऊन फूल जांभळे असल्याचे ठासून सांगितलेले असते. त्यांना पिल्लू द्यायला हरकत नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे नाव मात्र यादीत नसले तरी पहिल्या क्रमांकावर धरावे. त्यांच्या बाल्कनीत एक टोपली टांगली गेली, की चादरीचा विषय त्यांच्या खालच्या मजल्याकडे वर्ग होतो.